कोरा हात

पानगळीचा महिना, ६ तारीख

ताई,

पोचलो. पाय शाबूत, डोकं जागेवर, तू दिलेला डबा मात्र पहिल्याच मुक्कामी फस्त. रागावू नकोस.

शहर कसं आहे विचारलंस तर, एका उभ्या कड्याला फळ्या ठोकून त्यावर कुणी घरं मांडली आहेत असं. खालच्या फळीवर भट्ट्या, गोदामं आणि आम्ही. मधल्या फळ्यांवर दुकानं, कचेऱ्या. सगळ्यात वर काय आहे ते मला माहीत नाही, तिथून फक्त सांडपाणी खाली येताना दिसतं. पायथ्यापासून वर यायला एक पायवाट आहे, पण चढायला दोन दिवस लागतात आणि गुडघे त्याच्या आधीच राजीनामा देतात. म्हणून सगळे पाळण्यातून येतात. पाळणा म्हणजे लाकडी पिंजरा, दहा-बारा माणसं उभी राहतील एवढा. वर चक्र फिरतं, दोर गुंडाळला जातो, पाळणा चढतो. चहा प्यायला लागतो तेवढा वेळ. पण खाली बघायचं नाही.

आणि तुझा भाऊ त्या दोरावर कामाला लागला आहे! दर खेपेच्या आधी दोर सोडतात, तो आम्ही मुठीतून सरकू द्यायचा. डोळे मिटून. आतला एक पीळ जरी तुटलेला असला तरी तळहाताला चावतो. चावला की ओरडायचं, "थांब!" मग मुकादम शिव्या देतो, पण चक्र थांबवतो आणि दोर बदलतो. पहिल्याच दिवशी मी चार वेळा थांबवलं. मुकादम म्हणाला, "हा हात आहे का चिमटा?" शिवीच होती, पण मला आवडली.

माझ्या शेजारी काम करतो तो लांबड्या. ताडासारखा उंच, बोलतो कमी, हसतो त्याहून कमी. तोच दोर, तेवढाच वेळ, तीच बोंब. पण इथला पगार कसा मिळतो ते ऐक. आठवड्याच्या शेवटी एका भिंतीपुढे रांग लागते. भिंतीला बिळाएवढी खिडकी. त्यात उजवा हात घालायचा, तळवा वर करून. आत कोण बसलंय ते आपल्याला दिसत नाही, त्याला आपलं तोंड दिसत नाही. तो फक्त हाताचा रंग बघतो आणि पैसे ठेवतो. आपल्यासारखा काळा हात, दोन नाणी. लांबड्याचा गेरूचा, म्हणून सहा. आणि वरच्या लोकांचे हात, ज्यांना जन्मल्यावर कुठल्याच रंगाच्या कुंडात बुडवत नाहीत, ते कोरे हात, त्यांना वीस. त्यांच्यातला एक जण अधूनमधून आमच्या कामाच्या रांगेत येतो, दोराकडे बघून जांभई देतो आणि जातो. त्या जांभईचे वीस.

माझी खोली चक्राच्या मागे आहे. भिंत दिवसभर थरथरते. झोपलो की दातही थरथरतात. मजा आहे.

तुझा,
भिंगऱ्या

---

पानगळीचा महिना, २३ तारीख

भिंगऱ्या,

तुझं अक्षर अजून तसंच, शाईत बुडून आलेला कावळा कागदावर नाचल्यासारखं. तुझ्या दाजींनी वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीला माझ्याकडे सरकवलं.

हे कामाला होते ती वीटभट्टी बंद पडली. मालक म्हणतो महिन्याभरात चालू करतो, पण त्याने स्वतःची बैलं विकली, तेव्हा आम्ही समजायचं ते समजलो. हे दिवसभर ओट्यावर बसतात आणि पावलं वाजली की उठून बघतात.

बाकी बातमी तुला हवी तीच. छकुली उपडी पडायला लागली. हाताला येईल ते घट्ट धरते, काल माझी वेणी धरली ती सोडेचना. रे, तिचा हात अजून कोरा आहे. मी रोज बघते. इतका गुलाबी की आतून दिवा लावल्यासारखा वाटतो. पहिला दात दिसायच्या आत कुंडावर न्यायची असते. तिथेही म्हणे तसलीच खिडकी. बापाने हात आत घालायचा, आतला जो रंग बघेल तसं लेकराचं होतं. मला माहीत आहे, यात रडण्यासारखं काय आहे, आपल्या दोघांचेही हात काळे झालेच की. पण तेव्हा आपल्याला बघता येत नव्हतं.

हात सांभाळ. दोर चावतो म्हणतोस, रक्त निघतं का? रात्री तेल चोळत जा.

ताई

---

धुक्याचा महिना, १७ तारीख

ताई,

सोबत गाडीवानाकडे पिशवी दिली आहे. उघडायच्या आधी बस. चाळीस नाणी आहेत. चोरी केलेली नाही, तुझी शपथ. माझ्या हाताने कमावली. आता हसशील, कारण गंमत हातातच आहे.

खालच्या फळीच्या टोकाला, राखेच्या ढिगापलीकडे, एक म्हातारी राहते. सगळे तिला चुनेवाली म्हणतात. चुना, खार आणि आणखी काहीतरी हिरवट कालवते, ते तळहाताला लावते आणि वर ओलं कापड बांधते. रोज रात्री. पैसे आधी घेते. मी तीन आठवड्यांचा पगार तिला दिला आणि उधारीवर जेवलो. पहिले काही दिवस हात असा पेटला की मी भिंतीला लाथा मारल्या. मग दुखायचंच थांबलं. नंतर काळी कातडी सालासारखी निघाली आणि खाली, ताई, कोरा. अगदी छकुलीसारखा नाही, जरा मेणासारखा. पण खिडकीच्या आतल्याला काय, त्याला रंग दिसला की झालं.

सकाळी कामाला जाताना तव्याची काजळी चोळतो. पगाराच्या दिवशी मोरीवर धुतो आणि रांगेत उभा राहतो, हात खिशात. पहिल्यांदा हात आत घातला. आतून आवाज आला, "बसा ना, उभे कशाला?" बसा! मला! त्या भिंतीच्या अलीकडे बसायला काही नव्हतंच, तरी मी जरासा वाकलो. मग तळहातावर वीस पडली. पडली ती कळलंच नाही, आवाज झाला म्हणून मूठ मिटली.

म्हातारी मला म्हणाली, "हा रंग मी देत नाही रे पोरा, फक्त काढते." मला फार पटलं.

दाजींना म्हणावं ओट्यावर बसून काय मिळणार. इथे या. मी मुकादमाच्या कानावर घालतो. आणि छकुलीचं कळलं ना तुला, मी काय म्हणतोय ते? बापाचा हात कोरा असला तर तिला बुडवणारच नाहीत.

तुझा श्रीमंत भाऊ

---

थंडीचा महिना, ४ तारीख

भिंगऱ्या,

पैसे मिळाले. वाण्याचं दिलं, छप्पर शाकारलं. ह्यांनी पिशवीतली नाणी ओट्यावर ओतून मोजली. मग तुझं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मी परत मागितलं तर म्हणाले, "राहू दे की."

मी मात्र एकाच ओळीवर अडकले आहे. मग दुखायचंच थांबलं, असं लिहिलंस. आणि नाणी पडली ती कळली नाहीत. तर मला हे सांग, तू दोर कशाने तपासतोस?

नीट उत्तर दे. लहानपणी बोरं चोरून खिशात घालायचास आणि मला तोंड उघडून दाखवायचास, तसं करू नकोस.

ताई

---

थंडीचा महिना, २५ तारीख

ताई,

तू पण ना! भाऊ वीस नाणी मिळवतो आणि तुला दोराची काळजी. दोर मी तसाच तपासतो, मुठीतून. डोळे आता मिटत नाही, उघडे ठेवून बघतो, म्हणजे उलट जास्तच लक्ष. शिवाय शेजारी लांबड्या आहे. माझ्यातून सुटलं तर त्याला चावेल. तो गेरूवाला, त्याला कसली भीती.

आणि हल्ली दोरच चांगले येतात. मी आलो तेव्हा दिवसातून दहा-बारा वेळा कुणी ना कुणी "थांब!" ओरडायचं. आता आठवडेच्या आठवडे सगळी रांग गप्प. फक्त चक्राची घरघर. मुकादमाला वरून शाबासकी मिळाली, एकही खेप अडली नाही म्हणून. त्याने आम्हाला गूळ वाटला.

परवा एक मालाचा पाळणा पडला. आमच्या रांगेतला नव्हता.

आणि हो, गंमत. काल दिव्याची वात सारताना काहीतरी जळल्याचा वास आला. मी खोलीभर शोधतोय, कुठे काय पेटलं. तर माझं बोट! मी आणि लांबड्या केवढे हसलो. म्हणजे मी हसलो. लांबड्या माझ्या बोटाकडे नुसता बघत राहिला.

दाजी कधी निघतात? निळं निशाण लावलेला पाळणा आमच्या रांगेचा, त्यातच बसायला सांग.

भिंगऱ्या

---

वाऱ्याचा महिना, ११ तारीख

भिंगऱ्या,

गाडीवान आला होता. मी त्याला पडलेल्या पाळण्याचं विचारलं. तो म्हणाला, मिठाची पोती होती आणि पोत्यांवर बसून वर निघालेली एक बाई होती. निशाण कुठलं होतं, विचारलं. निळं, म्हणाला.

तू मला खोटं लिहिलंस त्याचं नंतर बघू. तोंड उघडून दाखवलंस, पुन्हा तेच. पण आत्ता ऐक. हे आज पहाटे निघाले. मी दारात आडवी झाले. म्हटलं, त्याच्या हाताला कळत नाही, तो काय बघणार? तर म्हणाले, "तिथे काय तो एकटाच आहे का? शेकडो माणसं रोज चढतात." आणि छकुलीच्या हाताचा मुका घेऊन गेले. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

हे पत्र गाडीवान घोड्यावरून आणतोय, त्याला मी तुझ्याच नाण्यांतली दोन दिली. ह्यांच्या आधी पोचेल. तू मुकादमाकडे जा आणि सांग, माझा हात मेलाय. पगार जाऊ दे. मार पडला तर पडू दे. पण हे कुठल्या पाळण्यात बसतील ते तुला माहीत नाही, मलाही माहीत नाही. तेव्हा एकही दोर तसा सोडू नकोस.

ताई

---

उन्हाचा महिना, २ तारीख

ताई,

तू म्हणशील अक्षर आणखी बिघडलं. हे डाव्या हाताने लिहितोय. एकेका ओळीला घाम फुटतो. म्हणून मुद्द्याचं तेवढं.

दाजी सुखरूप आहेत. ते आधी वाच आणि मग पाणी पी.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी मुकादमाकडे गेलो नाही. गेलोच होतो, पण दारातून फिरलो. वाटलं, हात नाही तर नाही, दुसरं काहीतरी कळतं की आपल्याला. दोर मुठीत न घेता ओठांवरून सरकवायला लागलो. एकेक वाव, दोन हात पसरले की होतो तेवढा. मुकादम ओरडला, "अरे, दोराचा मुका घेतोस का? लग्न लावून देऊ काय?" सगळे हसले. मीही हसलो असतो, पण तोंड कामात होतं. ओठ सोलपटले. दुसऱ्या दिवशी सकाळचा तिसरा दोर, आणि तो चावला. रक्तच आलं. मी असा ओरडलो "थांब!" की मला माझाच आवाज ओळखू येईना. किती महिन्यांनी त्या रांगेत कुणी ओरडलं होतं. चक्र थांबलं. दोर उकलून बघितला तर आत फक्त एक पीळ जिवंत. दाजी खाली त्याच पाळण्यात एक पाय ठेवून उभे होते.

मुकादम काही शाबास म्हणाला नाही. माझ्याजवळ आला आणि हळूच विचारलं, "ओठाने का?" मग माझा हात धरला आणि ओल्या फडक्याने पुसला.

कुंडावर नेलं. मोठ्या माणसाचा हात पुन्हा बुडवायचा तर रंग उकळता लागतो. कोपरापर्यंत बुडवला. मी ओरडलो नाही, कारण हाताला कळलंच नाही. कोपराला कळलं. आता तो हात काळा आहे, चांगला काळा, आणि लाकडाच्या फळीसारखा लोंबतो. मला रांगेतून काढलं, आता राख उचलतो. दोरांजवळ जायची बंदी आहे.

हे सगळं रडायला नाही लिहिलं. पुढचं वाच.

माझी जागा मुकादमाने दाजींना दिली. घरातलाच माणूस, म्हणाला. दाजी माझ्याच खोलीत झोपतात. मी त्यांना हात दाखवला, सगळं सांगितलं, पाया पडलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "ती म्हातारी राखेच्या कुठल्या बाजूला राहते?" मी सांगितलं नाही. पण आठ दिवसांपासून त्यांच्या हाताला कापड आहे. म्हणतात चहा सांडला. खोलीला चुन्याचा वास येतो, ताई. मला तो वास झोपेतही ओळखता येतो. काल मी त्यांच्या तळहाताला सुई टोचली, ते बोलत असताना, सहज. ते बोलतच राहिले.

मी म्हटलं, निदान लांबड्या आहे. तर काल लांबड्या मोरीवर हात धूत होता. मी मागून आलो ते त्याला कळलं नाही. पाणी गेरूचं वाहत होतं. त्याचा हात वर आला तो मेणासारखा. तो मला म्हणाला, "तुला काय वाटलं, सहात भागतं माझं?"

मग मी राखेच्या ढिगावर बसून त्या रांगेकडे बघितलं. इतकी माणसं, सगळ्यांच्या मुठीतून दोर चाललेत, आणि एकही जण ओरडत नाही. मला वाटायचं दोर चांगले येतात. मी मुकादमाला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "थांब नाही म्हणजे काम चोख." त्याने स्वतः हातमोजे घातले होते. या उन्हात.

ताई, दाजी तुला बोलावतील. छकुलीचा दात यायच्या आत ये म्हणतील. येऊ नकोस. तिचा हात बुडवला तर बुडवू दे, काळ्या हाताला निदान कळतं. आणि यायचंच असेल तर पायवाटेने ये. दोन दिवस लागू देत, चार लागू देत. मी पायथ्याशी येऊन तिला एका हातावर घेईन, एक हात चांगला आहे. पण पाळण्यात बसू नकोस. कुठल्याच निशाणाच्या.

गाडीवान उद्या निघतो.

भिंगऱ्या

---

उन्हाचा महिना, २ तारीख

भिंगऱ्या,

तुझं पत्र आलं नाही म्हणून मीच लिहिते. आम्ही पायथ्याच्या धर्मशाळेत आहोत, मी आणि छकुली. दचकलास ना! हे पत्र इथला हमाल वर आणेल, पण त्याच्या आधी मीच पोचेन बहुतेक.

ह्यांचा निरोप आला, तुझ्या हाताला लागलंय आणि दोराचं काम आता ह्यांच्याकडे आहे. छकुलीला घेऊन लगेच ये, तिची सोय झाली आहे. कसली सोय ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर निघावंसं वाटलं नसतं. तू मला ओळखतोस, मी काही दूधखुळी नाही. पण रोज सकाळी ती मूठ उघडते आणि मला तो तळवा दिसतो, त्याला मी काय सांगू?

पायवाटेने येणार होते. पण हिरडी पांढरी झाली आहे, दात आज-उद्यात दिसेल. दोन दिवस नाहीत रे आमच्याकडे. आणि तूच लिहिलं होतंस ना, तुमच्यातून सुटलं तर लांबड्याला चावतं. त्याच भरवशावर बसते आहे. त्याला म्हणावं, ताईने नमस्कार सांगितला.

उद्या सकाळचा पहिला पाळणा, निळ्या निशाणाचा. तू वर उभा राहा, म्हणजे छकुलीला लांबूनच मामा दाखवीन. आत्ता माझ्या मांडीवर जागी आहे. मघाशी चटईची बारीकशी काडी तळहाताला टोचली तर केवढी रडली! सगळी धर्मशाळा उठवली. तिच्या हाताला सगळं कळतं.

ताई